आठ दिवसांचं सोनं

पार्से गावात सगळ्यांत जास्त सोनं जिच्या अंगावर दिसायचं, त्या बाईच्या मालकीचं त्यातलं गुंजभरही नव्हतं. गावाला हे माहीत होतं. परगावच्या माणसाला मात्र सांगावं लागायचं, आणि सांगूनही पटायचं नाही. विहिरीवर कपडे आपटणाऱ्या बाईच्या हातात भरीव पाटल्या, पुढे गोठ, गळ्यात चार पदरी साखळी, कानात पाकळ्यांच्या कुड्या आणि अंगावर विरलेलं सुती लुगडं, असा तो थाट. पुढच्या आठवड्यात बघावं तर पाटल्या गायब आणि त्यांच्या जागी बिलवर. पोस्टात नवा आलेला एक कारकून चार महिने समजत होता की ही कुणा खाणमालकाची बायको आहे आणि हौस म्हणून स्वतःचे कपडे स्वतः धुते.

ती आमची शेटीणकाकी, बाबूशेट सोनाराची बायको. तिचं खरं नाव रुक्मिणी. ते मला मतदारयादी लिहिताना कळलं, आणि नाव विचारल्यावर तिलाच आठवायला क्षणभर लागला.

मी मूळची डिचोलीची. प्राथमिक शाळेत बाई म्हणून पार्सेला नेमणूक झाली आणि शेटच्या शेजारची खोली भाड्याने मिळाली. आईने स्वतःच्या तुटक्या साखळीचं सोनं दिलं होतं. त्याच्या रोज वापरायच्या दोन बांगड्या करून घ्यायच्या होत्या. म्हापशाच्या बाजारात पाहिलेली नक्षी मी कागदावर काढून नेली होती: जाळीदार काम, कडेला बारीक घुंगरं. बाबूशेट पुढच्या बलकांवात, म्हणजे ओसरीवर, शेगडी घेऊन बसलेला असायचा. त्याने कागद पाहिला, काही न बोलता आत सरकवला आणि आतून काकी बाहेर आली. तिने कागद पाहिलाच नाही. माझे हात पाहिले.

"किदें काम करता गो तूं?"

"शाळेत शिकवते."

"पोरांक मारता?"

"कधीतरी."

"खंयच्या हातान?"

"उजव्या."

"मागीर घुंगरां घालूं नाका. तूं येता म्हण पोरांक आदींच कळटलें." मग जाळीवर बोट ठेवून म्हणाली, "आनी हांगा खडूचो पिठो भरतलो. म्हयन्यान तुजी बांगडी चुन्याची दिसतली."

घुंगरं गेली, जाळी गेली. राहिली ती एक साधी, भरीव, कडा गोल केलेली बांगडी, आणि माझा हिरमोड. बांगड्या तयार झाल्या तरी मला मिळाल्या नाहीत. त्या आठ दिवस काकीच्या हातात होत्या. चौथ्या दिवशी मी मागच्या अंगणात डोकावले तर काकी हात उंच करून घराच्या भिंतीवर कोळशाने काहीतरी लिहीत होती. तिला लिहायला येत नव्हतं. नुसत्या उभ्या रेघा ओढत होती, एकाखाली एक, ओळीच्या ओळी. मला पाहून म्हणाली, "तुजें काम करून पळयतां." हात वर केला की बांगडी कोपरापर्यंत घसरते, असं तिला आढळलं होतं. त्यामुळे बाबूशेटला बांगड्या पुन्हा मुशीत घालाव्या लागल्या. तो दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. चूक माझी नव्हती, पण बायकोवर रागावण्याची त्याची छाती नव्हती.

बाबूशेटकडचा रोजच्या वापरातला दागिना असाच गिऱ्हाइकाकडे जायचा. आधी आठ दिवस काकीच्या अंगावर, मग तुमच्या. हे ऐकून आज कुणीही नाक मुरडेल. तेव्हाही मुरडत. नवा कोरा जिन्नस आणि आधी दुसऱ्या बाईने घालायचा? काकीचे त्यातही नियम होते. मंगळसूत्राची साखळी ती घालायची, वाट्या आणि काळे मणी नाही. नथ कधीच नाही. बाकी सगळं तिच्या तावडीतून सुटायचं नाही. पहिले दोन दिवस धुणं. मग नारळ खोवणं, मसाला वाटणं, काजूच्या दिवसांत बोंडं पिळणं. रात्री दागिना घालूनच झोपायचं, कारण झोपेत कुशीवर वळताना पाटलीची धार गालाला लागते की नाही ते जागेपणी समजत नाही. साखळी असली तर शेजारचं नऊ महिन्यांचं मूल उसनं आणायची आणि कडेवर घेऊन त्याला मनसोक्त ओढू द्यायची. आठव्या दिवशी एका जुन्या मलमलच्या तुकड्यावरून दागिना फिरवायचा. धागा अडकला तर परत शेगडीवर. नाही अडकला तर रिठ्याच्या पाण्यात धुऊन शेटच्या हातात. देताना तिचं प्रशस्तिपत्र ठरलेलं असे, "अडकना, तोपना, निसरना": अडकत नाही, टोचत नाही, निसटत नाही.

ज्यांनी नाक मुरडून म्हापशाहून दागिने आणले, त्यांतल्या बऱ्याच जणी सहा महिन्यांत तुटक्या कड्या आणि दबलेल्या पोकळ बांगड्या रुमालात बांधून बाबूशेटच्या पायरीवर येत. काकी त्यांना चहा देई आणि एका शब्दाने टोचून बोलत नसे. नुसती रुमालाकडे पाही. ते जास्त टोचायचं.

तिच्याकडे बघून दागिना निवडायला शिकता येई. बाई कोणतं काम करते ते आधी, मग तिच्या नवऱ्याची ऐपत, आणि आवड सगळ्यांत शेवटी, असा तिचा क्रम. कणीक मळणारीने खड्याची अंगठी घालू नये, कारण खड्याखाली पीठ जातं आणि काढताना खडाही जातो. मासे कापणारीच्या बांगडीवर नक्षी नको. अंगावर पिणारं मूल असलेल्या बाईला लोंबतं कानातलं नको, फिरकीची कुडी हवी, आणि फिरकीही दोन वेढ्यांची नको, चार वेढ्यांची हवी. एकदा एका गिऱ्हाइकाने चोख सोन्याचा हट्ट धरला तेव्हा ती म्हणाली, "चोख सोनें लोण्यावरी. तुका बांगडी जाय काय पावाक लावपाक जाय?" जुन्या पाटल्या मोडायला आल्या की त्या डोळ्यांजवळ धरून ती सांगे, ही बाई डाव्या हाताने वाटते, हिचं लेकरू उजव्या बाजूला निजतं. एकदा एका पाटलीकडे बघून म्हणाली, "ही खूब म्हयने घालूंकूच ना. दुयेंत आसली काय?" समोरची बाई रडायला लागली. पाटली तिच्या महिनोन्महिने आजारी राहून वारलेल्या सासूची होती.

इतकं कळणाऱ्या या बाईची स्वतःची एकच मागणी होती. घातल्यावर काढायची नाही, अशी पाटल्यांची एक जोडी. लग्नात तिच्या अंगावर घातलेलं सोनं दिरांच्या वाटण्यांत गेलं होतं. तेव्हापासून हातात काचेचे दोन चुडे, आणि बाकी सगळं आठ-आठ दिवसांचं.

बाबूशेट कंजूष नव्हता, हे मी मुद्दाम सांगते, कारण कंजूष असता तर गोष्ट सोपी झाली असती. त्याचं म्हणणं वेगळंच होतं.

"तुजो हात अडलो जाल्यार लोकांचो जिन्नस पळयतलों कोणाच्या हातांत?"

म्हणजे बायकोचा हात हे त्याच्या कामाचं हत्यार. कानस, चिमटा, फुंकणी आणि रुक्मिणीचं मनगट. हत्यार मोकळं हवं. एका हातात स्वतःच्या पाटल्या घातल्या की दुसऱ्यांच्या पाटल्यांशी त्या घासणार, मग परीक्षा कसली? या युक्तिवादात एक फट शोधायचा मी पुष्कळ प्रयत्न केला. वैताग असा की काकीलाही तो पटलेला होता. "तें खरें पूण," एवढं म्हणून ती पुन्हा धुण्याला लागायची.

नाही म्हणायला शेट वायदे करायचा. तो भारी राजकारणी माणूस होता. गोव्याची भाषा मराठी की कोंकणी, या वादाचे दिवस होते आणि शेट कट्टर मराठीवाला. रोज वर्तमानपत्रातला अग्रलेख मोठ्याने मराठीत वाचायचा आणि मग शेगडीवरून फुंकणी रोखून तासभर कोंकणीत भांडायचा, "मराठी आमची भास! हांव जीव दितलों, पूण मराठी सोडचों ना!" काकी आतून म्हणायची, "तुमी एक फावट मराठींत रागार जावन दाखयात, मागीर हांव तुमच्या वांगडा." हे काही त्याला शेवटपर्यंत जमलं नाही. पाटल्यांचा विषय निघाला की म्हणायचा, "भाशेचो निकाल लागूं दी." निकाल लागला तेव्हा म्हणाला, "राज्य जावं दी," कारण गोवा तेव्हा अजून केंद्रशासित होता. म्हणजे काकीच्या मनगटाचा प्रश्न त्याने थेट विधानसभेत नेऊन ठेवला होता.

तिची मुलगी लता लग्नाला आली तेव्हा या सोन्याने एक मोठा घोळ घातला. मुळगावचं स्थळ आलं. दोन ट्रक खाणीवर चालत असलेलं घर. मुलाची आई बघायला आली, लाल धुळीतून आलेली ठसठशीत बाई. बसल्या बसल्या तिची नजर लतावर कमी आणि काकीच्या हातांवर जास्त. बैठकीत ती स्पष्टच म्हणाली, "आमकां चड किदेंच नाका. विहीणबाईच्या हातांत आसात तसल्यो पाटल्यो लताच्या हातांत घालात, जालें."

बाबूशेट चहाचा पेला तोंडाला लावून तसाच राहिला. मी शेजारीण म्हणून आत बसले होते. त्या पाटल्या कोणाच्या ते मला माहीत होतं. मुळगावहून एका ट्रकवाल्याने दीड महिन्यापूर्वी ऑर्डर दिली होती, बायकोसाठी. तो ट्रकवाला समोर बसला होता. मुलाचा बाप. बिचारा टोपी चाचपत होता. त्याला बायकोला अचानक देऊन खूश करायचं होतं, आणि आपण ऑर्डर दिलेला सोनार तोच व्याही होणार, हा योग त्याच्या ध्यानात आला होता, पण पाटल्या विहिणीच्या हातात असतील हे नव्हतं.

काकीने पाटल्या काढल्या, पदराने पुसल्या आणि त्या बाईच्या पुढ्यात ठेवल्या.

"तसल्यो न्हय, ह्योच. तुमच्योच त्यो. स दीस जाल्यात, आनीक दोन दीस रावल्यार बरें."

आता स्थळ मोडलं, असं मला वाटलं. मुळगावच्या बाईने नवऱ्याकडे पाहिलं, पाटल्यांकडे पाहिलं, एक उचलून मनगटावर चढवली आणि विचारलं, "वाटतना अडकता?"

"अडकना."

"मागीर दोन दीस घाल आनी. हांव रावतां."

लग्न ठरलं ते तिथे. लताच्याही पाटल्या झाल्या, आणि त्यांची परीक्षा अर्थातच काकीने केली. त्या मात्र आठ दिवसांत उतरल्या नाहीत. पंधरा झाले, महिना झाला. शेट विचारी, अजून काय बघतेस? ती म्हणे, "खंय तरी इल्लें तोपता दिसता." कुठेही टोचत नव्हतं. मला माहीत होतं, शेटला माहीत होतं आणि त्या एका वेळी तो शहाण्यासारखा गप्प बसला. लग्नाच्या सकाळी तिने त्या लताच्या हातात चढवल्या आणि मग दिवसभर आपले हात पदराखाली ठेवले. मला वाईट वाटलं.

त्यानंतरच्या वर्षीची गोष्ट. भाषेचं आंदोलन पेटलं होतं, रस्त्यांवर झाडं तोडून टाकली होती, एसटी बंद, शाळा बंद. केरीला एका बागायतदाराच्या मुलीचं लग्न होतं आणि मुलीचे सगळे दागिने काकीच्या अंगावर. परीक्षा संपली होती, पण न्यायला कुणी येऊ शकत नव्हतं. बाबूशेट, जो भाषेसाठी जीव देणार होता, त्याच्या पोटात नेमकं त्या सकाळी दुखायला लागलं. काकी म्हणाली, "हांव चलत वतां." शाळा बंद म्हणून मीही निघाले. दागिने पिशवीत घेऊ या, असं मी सुचवलं.

"पोतयेंत घातल्यार चोरल्यावरी दिसता. हातांत घातल्यार म्हजें दिसता."

वाटेत एका वळणावर झाड आडवं पडलेलं आणि त्यावर पाच-सहा पोरं बसलेली. ती कुठल्या बाजूची होती ते मला आजही सांगता येणार नाही. एकाने दरडावून विचारलं, "तुमी खंयच्या भाशेचीं?" काकीचं लक्ष झाडाकडे होतं. काजूचं झाड होतं, बोंडांनी लगडलेलं.

"बोंडां आसलेलें झाड कापलें रे तुमी? म्हयनोभर रावूंक जाले नात? हातांत दुसऱ्याचें सोनें आसा, वाट दियात. भास मागीर थारावया."

पोरं उठली. त्यांतल्या दोघांनी हात धरून तिला बुंध्यावरून पलीकडे उतरवलं. दरडावणारा तर बराच वेळ आमच्याबरोबर चालत आला, आपण झाड तोडलं नाही, फक्त ओढलं, हे समजावून सांगत.

केरीला पोचलो तेव्हा मांडव भरला होता. धुळीने माखलेल्या दोन बायका, पण एकीच्या अंगावर गोठ, पाटल्या, साखळी, कुड्या. मांडवातल्या मुलींनी काय समजायचं ते समजून घेतलं. काकीला पुढच्या ओळीत, कोरीव पाठीच्या कदेलावर, म्हणजे खुर्चीवर, बसवलं. सरबत आलं, अत्तर आलं. एक म्हातारी येऊन विचारून गेली, "नवऱ्याकडल्यो मगो?" काकी ताठ बसली होती आणि पेला दोन्ही हातांनी धरून हळूहळू सरबत पीत होती. अर्धा तास ती तशी बसली असेल. मला वाटतं तो तिचा फार आवडता अर्धा तास होता.

मग नवरीची आई धावत आली. काकीने एकेक दागिना उतरवला, सांगत गेली, साखळी ह्या बाजून, कुडयेची फिरकी चार वेढ्यांची आसा, घाई करूं नाका. सगळं आत गेलं. जराशाने सरबत आणून देणारी तीच मुलगी आली आणि फार नम्रपणे म्हणाली, "काकी, ही कदेल व्हडल्यांक जाय आसली." काकी लगेच उठली. आम्ही शेवटच्या पंगतीला, स्वयंपाकाच्या बाजूला जेवलो. जेवण चांगलं होतं. परत येताना ती माझ्या पुढे चालत होती. मागे न वळता म्हणाली, "एक जोडी गो बाये. आनीक किदें मागतां हांव?"

राज्य झालं. बाबूशेटने पेढे वाटले. मराठी-कोंकणीचं जे व्हायचं ते झालं, मंत्री आले, पाट्या बदलल्या. काकीच्या मनगटाविषयी मात्र नव्या राज्यात काही हालचाल दिसेना. मी एकदा शेटला सरळ विचारलं. तो फुंकणी खाली ठेवून म्हणाला, "बाई, सगळें थीर जावं दी." राज्य स्थिर होऊ दे, असं त्याला म्हणायचं होतं. मी त्या दिवशी त्याच्याशी भांडले आणि नंतर आठवडाभर त्याच्या बलकांवाकडे बघितलं नाही.

पुढच्या पावसाळ्याच्या शेवटी काकी विहिरीच्या शेवाळलेल्या दगडावरून घसरली आणि उजव्या मनगटावर पडली. त्या हातात डिचोलीच्या एका नवरीची बांगडी होती, पाचवा दिवस. आम्ही तिला गाडीत घालून इस्पितळात नेईपर्यंत मनगट फुगून बांगडी मांसात रुतली होती. डॉक्टर तरुण, समजूतदार. त्याने कापायचं हत्यार मागवलं.

"कापूं नाकात. ती म्हजी न्हय."

"काकी, सोनार तर तुमच्या घरचाच आहे. परत जोडून देईल."

"जोडिल्लें हांवूच न्हयकारतां," ती म्हणाली. स्वतःच तिने किती सांध्यांना नापास केलं होतं.

मग साबण, दोरा, थंड पाणी. मोडलेल्या हाडावरून ती बांगडी सरकवायला बराच वेळ गेला. काकीने ओठ चावून रक्त काढलं, पण ओरडली नाही. बाबूशेट पाण्याचं भांडं धरून उभा होता आणि फुगलेल्या मनगटावर पाणी ओतत होता. बांगडी निघाली. डॉक्टर चिडून म्हणाला, "एवढा जीव काढायची काय गरज होती?" काकी डोळे मिटून म्हणाली, "म्हजी आसली जाल्यार हांवेंच सांगिल्लें, कापा म्हण. लोकांची कशी कापतलीं?"

परतीच्या वाटेवर बाबूशेट एक अक्षर बोलला नाही, दोन्हींपैकी कुठल्याही भाषेत.

दुसऱ्या दिवशी त्याच्या बोटातली अंगठी, गळ्यातला गोफ आणि कानातली भिकबाळी दिसेना. चार दिवसांनी शेगडीशेजारी पाटल्यांची जोडी होती. भरीव, बिननक्षीच्या, कडा गोल. कोणाच्या ते त्याने सांगितलं नाही आणि सांगायची गरजही नव्हती. पण एक अडचण होती. त्याच्या दुकानातून परीक्षा केल्याशिवाय दागिना बाहेर गेला नव्हता, आणि परीक्षा करणारा हात प्लास्टरमध्ये होता.

पुढे जे झालं ते पाहायला पार्से गावाची रीघ लागली. बाबूशेट अंगाने काडी, हात बायकोपेक्षा बारीक. पाटल्या त्याच्या हातात सहज गेल्या. सकाळी तो धोतर खोचून, दोन्ही हातांत पाटल्या घालून, धुण्याची बाल्दी घेऊन विहिरीवर आला. बायका तोंडाला पदर लावून बाजूला झाल्या. कोणीतरी विचारलं, "शेटा, शेटीण खंय?" तो म्हणाला, "आज हांवूच शेटीण." आणि लुगडं दगडावर आपटलं. त्याने नारळ खोवला, मसाला वाटला, भांडी घासली. काकी बलकांवात हात गळ्यात अडकवून बसायची आणि तिथून तपासायची, "तशें न्हय, मनगट वळयात! तुमी नुसते घांसतात, हांव दाबून वाटतां." तिसऱ्या दिवशी खोवताना पाटलीची कड त्याच्या तळहाताला लागली. त्याने ती गरम केली, कड पुन्हा घासली आणि दिवस पहिल्यापासून मोजायला सुरुवात केली. असं तीनदा झालं. आठ दिवसांचे एकवीस झाले. एका संध्याकाळी तो माझ्या पायरीवर येऊन बसला. तळहातांना फोड आले होते. म्हणाला, "इतलें काम करता ही, बाई?"

मला त्याची दया यायला हवी होती. नाही आली. तीस वर्षं त्याने त्या हातातलं सोनं पाहिलं होतं.

प्लास्टर निघाल्यावर त्याने पाटल्या तिच्या हातात चढवल्या. मी तिथेच होते. काकीने विचारलं, "कितले दीस?"

"काडूं नाका."

तिला ते नीट समजलं नाही असं वाटलं. ती आत गेली, मलमलचा तुकडा घेऊन आली आणि दोन्ही पाटल्यांवरून फिरवला. धागा अडकला नाही. मग ती रडली. बाबूशेट शेगडी फुंकत बसला, जी पेटलेलीच नव्हती.

पण गाव ते गाव. विहिरीवर पहिल्याच दिवशी बायका जमल्या. कोणाच्यो गो ह्यो? काकी म्हणाली, म्हज्यो. सगळ्या हसल्या. बरें बरें, सांग, मोरज्यांतल्यो काय मांद्र्यांतल्यो? तिने पुन्हा सांगितलं. कुणाला पटेना. एकीला वाटलं काकी गंमत करते आहे, दुसरीला वाटलं मोठ्या घरची ऑर्डर आहे म्हणून लपवते आहे. मी म्हटलं, अगं खरंच तिच्या आहेत, तर त्या मलाच हसल्या. तीस वर्षं ज्या हातात परकं सोनं पाहिलं, त्या हातातलं सोनं तिचं असू शकतं, हे कोणाच्या डोक्यात शिरायलाच तयार नव्हतं. काकी दोन दिवस चिडली. तिसऱ्या दिवसापासून तिने नाद सोडला.

वर्षाने माझी बदली डिचोलीला झाली. त्यानंतर एकदाच पार्सेला जाणं झालं. विहिरीवर काकी होती, केस बरेच पांढरे झालेले, हातात त्या पाटल्या. शेजारी गावातली एक नवीन सून उभी होती. तिनेही तेच विचारलं.

"एका गिरायकाच्यो," काकी म्हणाली.

"आठ दीस जावंक नात?"

"जाले. केन्नाच जाले. न्हेवंक येतां म्हणिल्लें, येवंक ना अजून."

"मागीर काडून दवर मगो. झिजतल्यो."

"नाका गो," काकी म्हणाली, "आनी गिरायक आयलें जाल्यार?" आणि तिने बाल्दीतलं दुसरं लुगडं उचलून दगडावर आपटलं.